माहितीचा कारभार आणि खासगीपणाचा कायदा



आजच्या विषयाचे नाव फलकावर वाचून आपल्यापैकी पुष्कळांची अशी समजूत झाली असेल की, हा कंपन्यांचा आणि वकिलांचा विषय आहे. आमच्या मते हा विषय दप्तराचा आहे. आणि दप्तर म्हणजे काय हे बावधनकरांना सांगावयास नको. ३० जून २०२१ रोजी पुणे महापालिकेच्या हद्दीत जी २३ गावे एकदम घेतली गेली, त्यांत मुळशी तालुक्यातील आपले बावधन बुद्रुक होते. गाव शहरात गेले त्याबरोबर गावचे दप्तरही शहराकडे जाणे ओघानेच आले. आता, दप्तर देताघेताना माणसे प्रथम काय करतात? यादी करतात. कोणते पुस्तक आहे, कोणत्या सालापासूनचे आहे, आजवर कोणाच्या ताब्यात होते, यापुढे कोणाच्या ताब्यात राहील. आणि खाली देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही. एवढे ज्याला समजले त्याला इंग्रजीत ज्यास ‘डेटा गव्हर्नन्स’ म्हणतात त्याचा पाऊण भाग समजला. आम्ही त्यास ‘माहितीचा कारभार’ म्हणू. ‘विदा’ हा शब्द अलीकडे रूढ होऊ पाहत आहे, आणि तो वाईट नाही. परंतु सभेत ‘माहिती’ म्हटले की समोरचा माणूस मान हलवतो, म्हणून आम्ही तोच शब्द वापरणार आहोत.

प्रथम कायद्याची हकीकत थोडक्यात सांगतो. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात एकमुखाने निर्णय दिला की, खासगीपणा हा भारतीय नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. त्यानंतर सहा वर्षांनी, ११ ऑगस्ट २०२३ रोजी, डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्याचे नियम व्हावयास आणखी सव्वादोन वर्षे गेली. ते नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. कंपन्यांवर मुख्य बंधने घालणारी कलमे त्यापुढे १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये, अमलात यावयाची अशी त्या अधिसूचनेची योजना आहे. दंडाची कमाल रक्कम २५० कोटी रुपये. वर्तमानपत्रांनी या आकड्याचेच मथळे केले. आम्हांस मात्र त्या कायद्यातील तीन लहान गोष्टी अधिक मोलाच्या वाटतात.

पहिली गोष्ट अशी की, आपली माहिती बाळगणाऱ्या कंपनीला या कायद्याने जे नाव दिले त्याचा अर्थ ‘विश्वस्त’ असा आहे. मालक नव्हे. देवस्थानच्या जमिनीचा विश्वस्त जसा त्या जमिनीचा धनी नसतो, तसेच हे. दुसरी गोष्ट, जिची माहिती आहे त्या व्यक्तीविषयी कायद्याने सर्वत्र स्त्रीलिंगी सर्वनाम वापरले आहे. पुरुषांनी त्यात आपला समावेश समजून घ्यावयाचा. आजवर स्त्रियांनी ‘तो’ या शब्दात आपणांस समजून घेतले, आता थोडे दिवस उलट झाले तर बिघडणार नाही. तिसरी गोष्ट, संमती मागताना जी सूचना द्यावयाची ती इंग्रजीत, किंवा घटनेच्या आठव्या परिशिष्टातील कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय दिली पाहिजे. म्हणजे मराठीत मागण्याचा आपला अधिकार आहे.

परंतु कायदा कंपनीला जे करावयास सांगतो ते कंपनीला करता तरी येईल काय, हा खरा प्रश्न आहे. कायदा म्हणतो, व्यक्तीने विचारले तर तिच्याविषयी कोणती माहिती तुमच्याजवळ आहे आणि ती तुम्ही कोणाकोणाला दिली, ते सांगा. ती चुकीची असेल तर दुरुस्त करा. काम संपले असेल तर पुसून टाका. संमती देणे जितके सोपे होते तितकेच ती मागे घेणेही सोपे ठेवा. ही सर्व कलमे वाचावयास सोपी आहेत. मात्र ज्या कंपनीला आपल्याजवळ काय आहे हेच ठाऊक नाही, ती यांतील एकही कलम पाळू शकत नाही. मग तिचा हेतू कितीही शुद्ध असो. कायद्याचे पालन हा हेतूचा प्रश्न नंतर होतो, प्रथम तो दप्तराचा प्रश्न असतो.

पुण्याला हे नवीन नाही. पेशवाईत हुजूर दप्तराचा व्याप मोठा होता. त्यात चालते दप्तर निराळे, एकबेरीज दप्तर निराळे, आणि कागद रुमालांत बांधून ठेवण्याची रीत होती. कोणता कागद कोणत्या रुमालात, हे माहीत असणारा कारकून हाच त्या दप्तराचा प्राण होता. कागद आहे पण सापडत नाही, याचा अर्थ व्यवहारात कागद नाही असाच होतो. पुढे रियासतकार सरदेसायांनी त्याच दप्तरातून निवडक कागदांचे ४५ खंड काढले. येथे एक गंमत आहे. इतिहासकाराचे सारे पोट दुसऱ्यांची खासगी पत्रे जपून राहिल्यावर चालते, आणि नवा कायदा तर म्हणतो की, काम झाले की पुसा. दोनशे वर्षांनंतरच्या इतिहासकारांची आम्हांस थोडी कीव येते. तथापि पेशव्यांच्या कारकुनाला कागद जपण्याचेच शिक्षण होते. आजच्या कारकुनाला जपणे आणि नष्ट करणे या दोहोंचे शिक्षण हवे, आणि दुसरे अधिक अवघड आहे.

ते अवघड कसे, हे एका उदाहरणाने सांगतो. समजा, आपण एका सहकारी बँकेतील खाते बंद केले आणि मॅनेजरला सांगितले की, आता माझी माहिती तुमच्याकडे नको. मॅनेजर काय करील? सगळे पुसून टाकले तर त्याने दुसरा कायदा मोडला. कारण काळ्या पैशाच्या प्रतिबंधाचा २००२ चा कायदा सांगतो की, ग्राहकाच्या ओळखीचे कागद संबंध संपल्यावरही ५ वर्षे ठेवले पाहिजेत. काहीच पुसले नाही, आणि पुढच्या महिन्यात त्याच बँकेतून ‘सुवर्णकर्ज घ्या’ म्हणून आपणांस फोन आला, तर त्याने हा नवा कायदा मोडला. म्हणजे एकच मोबाइल क्रमांक एका कारणासाठी ठेवणे भाग आहे आणि दुसऱ्या कारणासाठी वापरणे गुन्हेगारी नसली तरी बेकायदा आहे. यातून वाट एकच. प्रत्येक माहितीच्या मागे तिचे कारण लिहिलेले असले पाहिजे, मुदत लिहिलेली असली पाहिजे, आणि त्या कारणासाठी ती कोण पाहू शकतो त्याचे नाव लिहिलेले असले पाहिजे. कर्जविभागाच्या माणसाला बंद खात्याचा क्रमांक दिसताच कामा नये. माहितीचा कारभार म्हणतात तो हाच. यात बुद्धीची फार मोठी झेप नाही. चिकाटीचे काम आहे, म्हणून ते कोणी करीत नाही.

आणि ते न केल्याने काय होते, त्याचे पहिले मोठे उदाहरण आमच्या पुण्यातच घडले. २००५ सालच्या एप्रिल महिन्यात एम्फॅसिस कंपनीच्या एमसोर्स या फोनवरून सेवा देणाऱ्या शाखेतील काही आजी-माजी नोकरांना पोलिसांनी अटक केली. सिटी बँकेच्या अमेरिकेतील ग्राहकांना मदत करण्याचे काम तेथे चाले. फोनवर गोड बोलून, विश्वास संपादून, काही ग्राहकांचे गुप्त क्रमांक त्यांनी काढून घेतले, आणि खोट्या कागदपत्रांवर पुण्यात उघडलेल्या खात्यांत सुमारे साडेतीन लाख डॉलर वळते केले, असे ते प्रकरण होते. त्या वेळच्या वृत्तान्तांत एक तपशील आला होता तो आम्हांस फार बोलका वाटतो. त्या कार्यालयात आत जाताना आणि बाहेर पडताना नोकरांची झडती होत असे. आकडा लिहून बाहेर नेण्याची सोय नव्हती. म्हणून त्यांनी ते आकडे पाठ केले असावेत, असा तर्क होता. कुलूप शाबूत, पहारेकरी जागा, झडती रोजची, आणि तरीही चोरी झाली. कारण ‘या खुर्चीवरील माणसाने ग्राहकाकडून काय ऐकावे आणि काय ऐकू नये, कोणते खाते उघडून पाहावे आणि का’ या प्रश्नांची उत्तरे झडतीत सापडत नसतात.

याच्या उलट प्रकार १३ वर्षांनी झाला. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या संगणकांत बाहेरून शिरकाव करून, बनावट कार्डांनी २८ देशांतील यंत्रांतून आणि मागाहून हाँगकाँगच्या एका खात्यात पाठवून, सुमारे ९४ कोटी रुपये चोरांनी नेले. २०२३ साली पुण्याच्या न्यायालयाने त्यातील ११ आरोपींना शिक्षाही सुनावल्या. येथे कुलूपच फोडले होते. सुरक्षा आणि कारभार या दोन वस्तू निराळ्या आहेत, हे दाखविण्यापुरताच आम्ही तिचा उल्लेख केला. कंपन्यांना कुलपावर खर्च करावयास आवडते, कारण कुलूप विकत मिळते. यादी विकत मिळत नाही. ती आपल्याच माणसांना बसून करावी लागते.

येथे आम्ही एक गोष्ट स्पष्ट सांगू इच्छितो, कारण तिची चर्चा फारशी होत नाही. २००५ सारख्या घटनांच्या काळानंतर संसदेने माहिती तंत्रज्ञानाचा कायदा सुधारला, आणि २००९ च्या ऑक्टोबरपासून त्यात ‘४३ अ’ हे कलम आले. कंपनीच्या हयगयीमुळे ज्याचे नुकसान झाले त्याला भरपाई मागण्याचा मार्ग त्या कलमाने दिला. नव्या कायद्याची मुख्य कलमे लागू होतील त्या वेळी हे ‘४३ अ’ कलम रद्द व्हावयाचे आहे. आणि नव्या कायद्यातील दंड? तो जातो भारताच्या एकत्रित निधीत. ज्याची माहिती गेली, ज्याच्या नावावर कोणी कर्ज काढले, ज्या मुलीचा क्रमांक नको त्याच्या हाती पडला, तिला त्यातून एक पैसा मिळत नाही. २५० कोटींचा आकडा ऐकून टाळ्या वाजविणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. मागाहून भरून मिळण्याचा रस्ता अरुंद होत असता, आधी सांडू न देणे एवढेच आपल्यापाशी राहते. आणि ते कंपनीच्या आतल्या शिस्तीवर अवलंबून आहे.

आमच्या मुळशी तालुक्यातच हिंजवडी आहे. तेथील कंपन्यांना ही शिस्त ठाऊक नाही असे कोणी म्हणू नये. युरोपचा जीडीपीआर नावाचा कायदा २५ मे २०१८ पासून लागू झाला, आणि तेथील ग्राहकांनी करारात लिहून मागितले की, आमच्या लोकांची माहिती कोठे जाते, कोण पाहतो, केव्हा पुसली जाते, ते दाखवा. काम हवे होते, म्हणून हे सारे झाले. चाचणीसाठी खऱ्या नावांऐवजी झाकलेली नावे वापरावयाची, प्रत्येक तक्त्याला एक जबाबदार मनुष्य नेमावयाचा, या गोष्टी तेथे नोकरीस लागलेल्या बावीस वर्षांच्या मुलालाही शिकवतात. परंतु चमत्कार पाहा. जर्मनीतल्या एखाद्या आजीबाईचा पत्ता इतक्या काटेकोरपणे जपणाऱ्या त्या मुलाच्या स्वतःच्या आईचा क्रमांक मात्र गावातल्या दहा दुकानांच्या संगणकांत मोकळा पडलेला असतो. कौशल्य आपल्याकडे आहे, ते परगावच्या पाहुण्यासाठी राखून ठेवले आहे.

आता मोठ्या कंपन्या बाजूला ठेवू. एखादे वीस खाटांचे रुग्णालय घ्या, आणि त्याची यादी आपण येथे बसूनच करू. रोग्याची माहिती कोठे कोठे असते? स्वागतकक्षातील संगणकात, ही पहिली जागा. त्या संगणकातील कार्यक्रम ज्याने विकला त्या कंपनीच्या, कोठे तरी दूर असलेल्या, साठ्यात ही दुसरी. रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तिसरी. विमा कंपनीच्या मध्यस्थाकडे चौथी. हिशेबनिसाच्या एक्सेलच्या तक्त्यात पाचवी. आणि तो तक्ता घरी काम करण्यासाठी त्याने पेनड्राइव्हवर घेतला असेल तर सहावी. परिचारिका आणि डॉक्टर यांच्या व्हॉट्सॲपच्या गटात सातवी. तेथे रिपोर्टाचे फोटो असतात, आणि नोकरी सोडून गेलेला वॉर्डबॉय अजून त्या गटात असतो. रुग्णालयाच्या मालकाला विचारा, तो पहिल्या दोन सांगेल. कायद्याची जबाबदारी मात्र सातही जागांची आहे, आणि बाहेरच्या कंत्राटदाराने केलेली चूकही विश्वस्ताच्याच माथी आहे. माहिती फुटली तर ज्यांची ती आहे त्यांना विनाविलंब आणि सोप्या शब्दांत कळवावयाचे, आणि संरक्षण मंडळाला ७२ तासांत तपशील द्यावयाचा, असे नियम म्हणतात. ज्याला सातवी जागा माहीत नाही तो ७२ तासांत काय कळविणार? यादी करावयासच त्याला तीन आठवडे लागतील.

अशा रुग्णालयाने लाख रुपयांचा सल्लागार आणण्याचे कारण नाही. एक दुपार काढून, सर्वांना बसवून, कागदावर या सात जागा लिहाव्यात. व्हॉट्सॲपचा गट मोडावा, किंवा निदान त्यात कोण आहे हे दर महिन्यास पाहावे. हिशेबनिसाला रोग्याचे नाव आणि रक्कम पुरते. त्याला रोगाचे नाव कशाला? नोकर सोडून गेला त्या दिवशी त्याचा संकेतशब्द बंद करावा. कोणी केव्हा काय उघडले याची नोंद संगणक स्वतः ठेवू शकतो. ती एक वर्ष जपावी, नियमही तेच सांगतो. आणि एका माणसाचे नाव भिंतीवर लावावे की, माहितीबद्दल तक्रार असेल तर यांना भेटा. तक्रारीचा निकाल जास्तीत जास्त ९० दिवसांत लावावा अशी मर्यादा आहे. आमच्या मते लहान रुग्णालयाला नऊ दिवस पुरेत.

बावधनच्या गृहसंस्थांच्या फाटकाशी असलेली नोंदवही आपण सर्वांनी भरली आहे. नाव, मोबाइल, गाडीचा क्रमांक, कोणाकडे जावयाचे, सही. मागच्या पन्नास जणांची माहिती वाचीत वाचीत आपण आपली भरतो. ही वही नव्या कायद्याच्या कक्षेत येत नाही, कारण हा कायदा केवळ डिजिटल माहितीचा, किंवा कागदावरून पुढे संगणकात चढविलेल्या माहितीचा आहे. तीच नोंद पहारेकऱ्याने हातातल्या यंत्रात घेतली की कायदा लागू. यावर कोणी म्हणेल की, मग वहीच बरी. आम्ही उलट म्हणतो. ज्या संस्थेने वहीला मुदत घातली नाही, भरलेल्या वह्या रद्दीवाल्याकडे जातात की जाळल्या जातात हे ज्या संस्थेच्या सेक्रेटरीला सांगता येत नाही, त्या संस्थेने यंत्र घेतले तर पन्नास जणांच्या जागी पन्नास हजार जणांची माहिती तिच्या हाती येईल, आणि सवय तीच राहील. आधारच्या झेरॉक्सचेही तसेच. देशातील पहिला आधार क्रमांक आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी, २९ सप्टेंबर २०१० रोजी दिला गेला. पंधरा वर्षांत त्याच्या किती झेरॉक्स प्रती लॉजच्या, क्लासच्या आणि सिमकार्ड विकणाऱ्यांच्या खणांत पडल्या असतील याची गणती नको. शेवटचे चारच अंक दिसतील अशी झाकलेली प्रत आधारच्या संकेतस्थळावरून मिळते. ती फारसे कोणी मागत नाही आणि फारसे कोणी देत नाही.

शेवटी कायद्याच्या एका बाजूबद्दल बोलणे भाग आहे, कारण ती न बोलता उठणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. कंपन्यांना इतके बांधणारा हा कायदा सरकारला पुष्कळ सवलती देतो. केंद्र सरकार अधिसूचना काढून आपल्या एखाद्या यंत्रणेस त्यातून वगळू शकते. आणि याच कायद्याने माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातील ‘८ (१) (जे)’ हे कलम बदलले. हा बदल १८ महिने थांबला नाही. तो नोव्हेंबर २०२५ मध्येच लागू झाला. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध आहे की नाही हे त्या कलमातच पाहावे लागे. आता वैयक्तिक आहे एवढे म्हटले की पुरे, अशी शब्दरचना झाली. महाराष्ट्राने केंद्राच्या आधी, २००२ साली, स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला होता, आणि त्यामागे अण्णा हजारे यांच्या आंदोलनाचा जोर होता; तेव्हा या बदलाचे दुःख आपणांस इतरांहून अधिक व्हावे.

येथेही आम्ही दप्तराचाच मुद्दा मांडतो. रस्त्याच्या कामावरील मजुरांची हजेरी कोणी मागितली, तर ज्या कार्यालयाने नाव, काम, मजुरी हे रकाने निराळे आणि आधार व बँक खाते हे निराळे ठेवले आहेत, ते पहिले रकाने देऊ शकते आणि दुसरे झाकू शकते. ज्याने सगळे एकाच तक्त्यात कोंबले आहे, त्याला ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून सगळेच नाकारण्याचा मोह होतो, आणि आता त्याला कलमाचा आधारही आहे. अव्यवस्थित दप्तर एकाच वेळी दोन अन्याय करते. जे झाकावयाचे ते उघडे पाडते आणि जे उघडे असावे ते झाकते. त्याच कायद्याचे ‘८ (२)’ हे कलम मात्र अजून शाबूत आहे. लोकहित हे होणाऱ्या हानीहून मोठे असेल तर माहिती देता येते, असे ते कलम सांगते. आपल्यापैकी जे अर्ज करतात त्यांनी त्या कलमाचा उल्लेख आणि लोकहिताचे कारण पहिल्या अर्जातच लिहावे, अपिलाची वाट पाहू नये.

आमचा वेळ संपला आहे. प्रश्न असतील ते अध्यक्षमहाराजांच्या अनुमतीने घेऊ.